दोन पंच, एक निर्णय : खो-खो, क्रिकेट आणि बेसबॉल यांतील परस्परसाहाय्याच्या नियमांचा तुलनात्मक इतिहास

बीजशब्द : पंच, सरपंच, खो-खो, अर्धवट फटका, संयुक्त निर्णय, नियमबद्धता, मराठवाडा.

प्रस्तावना :

क्रीडाक्षेत्राचा इतिहास बहुधा खेळाडूंचा आणि त्यांच्या विक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मैदानावर उभे राहून खेळाला न्याय देणारा पंच या इतिहासात क्वचितच दिसतो. दिसतो तो त्याच्या हातून चूक झाल्यावर. वस्तुतः कोणताही खेळ गावच्या करमणुकीतून स्पर्धेच्या पातळीवर येतो तो दोन गोष्टींमुळे. एक, लिखित नियम आणि दुसरी, त्या नियमांचा अर्थ तत्क्षणी लावणारा अधिकारी. यांपैकी पहिल्या गोष्टीचा अभ्यास काही प्रमाणात झाला आहे. दुसऱ्या गोष्टीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष अभावानेच गेले आहे.

पंचाच्या कामातील सर्वांत अवघड भाग कोणता? चेंडू सीमारेषेपार गेला की नाही, गडी मैदानाबाहेर गेला की नाही, हे प्रश्न तुलनेने सोपे असतात. खरी कसोटी लागते ती अर्ध्यावर थांबलेल्या कृतीची. खेळाडूने एखादी कृती आरंभली आणि मध्येच आवरली, तर ती कृती झाली असे मानावयाचे की नाही? अमेरिकेतील बेसबॉलमध्ये फलंदाज दांडा फिरवू लागतो आणि मध्येच हात आखडता घेतो. महाराष्ट्राच्या मातीतील खो-खोमध्ये बसलेला गडी खो मिळण्यापूर्वीच उठू लागतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो आणि दोन्ही ठिकाणी एका पंचाची नजर अपुरी पडते. म्हणून एका पंचाने दुसऱ्याची मदत कशी घ्यावी, याचे नियम या खेळांनी आपापल्या परीने घडविले. प्रस्तुत लेखात या नियमांच्या जडणघडणीचा तुलनात्मक विचार केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) अर्धवट कृतीचा निर्णय देताना एका पंचाची दृष्टी अपुरी का पडते, हे स्पष्ट करणे.
२) खो-खो, कबड्डी, क्रिकेट आणि बेसबॉल या खेळांतील पंचांच्या परस्परसाहाय्याच्या नियमांची तुलना करणे.
३) कॅमेऱ्याची सोय नसलेल्या मराठवाड्यातील ग्रामीण स्पर्धांच्या संदर्भात या नियमांचे महत्त्व तपासणे.

सदर लेखासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विविध खेळांचे प्रचलित नियम आणि सार्वजनिक नोंद असलेले सामने यांचा आधार घेतला आहे.

बेसबॉलमधील अर्धवट फटका :

बेसबॉलमध्ये फलंदाजाने चेंडूवर दांडा चालविला आणि चेंडू हुकला तर तो 'स्ट्राईक' धरला जातो. असे तीन स्ट्राईक झाले की फलंदाज बाद होतो. दांडा चालविलाच नाही आणि चेंडू ठरावीक कक्षेच्या बाहेरून गेला, तर तो 'बॉल' ठरतो व त्याचा लाभ फलंदाजास मिळतो. अडचण निर्माण होते ती या दोहोंच्या मधल्या अवस्थेत. फलंदाज दांडा फिरविण्यास आरंभ करतो, चेंडू वाईट आहे हे त्याच्या ध्यानात येते आणि तो दांडा रोखून धरतो. यालाच अर्धवट फटका म्हणतात. दांडा किती पुढे आला म्हणजे फटका मारला असे समजावे, याची व्याख्या अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल संघटनेच्या नियमपुस्तकात दिलेली नाही. मनगट वळले काय, दांड्याचे टोक पाटाच्या पुढे गेले काय, या साऱ्या कसोट्या परंपरेने चालत आलेल्या आहेत. नियम एवढेच विचारतो की, फलंदाजाने चेंडूवर प्रहार करण्याचा प्रयत्न केला की नाही.

हा निर्णय प्रथम देतो तो मुख्य पंच. तो झेल घेणाऱ्या खेळाडूच्या मागे उभा असतो. चेंडू कक्षेतून गेला की बाहेरून, हे पाहण्यासाठी ती जागा उत्तम होय. परंतु दांड्याची पुढची हालचाल त्याच्या दृष्टीच्या दिशेनेच, म्हणजे त्याच्यापासून दूर होत जाते. आपल्यापासून सरळ दूर जाणारी वस्तू किती पुढे गेली, हे मागे उभे राहून नेमके सांगता येत नाही. तेच बाजूने पाहणाऱ्यास सहज दिसते. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाची छाती पहिल्या तळाच्या दिशेस असते. साहजिकच त्याच्या दांड्याची झेप पहिल्या तळावरील पंचास स्पष्ट दिसते. डावखुऱ्या फलंदाजाच्या बाबतीत हेच काम तिसऱ्या तळावरील पंच करतो.

येथे नियमाने एक महत्त्वाची तरतूद केली आहे. मुख्य पंचाने 'बॉल' असा निर्णय दिला असेल, तर संघाचा व्यवस्थापक अथवा झेल घेणारा खेळाडू त्यास तळावरील सहकाऱ्याचे मत घेण्याची विनंती करू शकतो. अशी विनंती झाल्यावर मुख्य पंचाला ती नाकारता येत नाही. सहकाऱ्याने मूठ उंचावली की फटका मारला असे ठरते आणि मूळ निर्णय बदलतो. त्याने दोन्ही हात आडवे पसरले, तर पहिला निर्णय कायम राहतो. मात्र मुख्य पंचाने स्वतःच 'स्ट्राईक' दिला असेल, तर त्याविरुद्ध अशी विनंती करता येत नाही. मदत मागण्याचा हा हक्क एकाच दिशेने चालतो, हे त्याचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

ही व्यवस्था अनेक पंच मैदानावर असतील तरच शक्य होते. एकोणिसाव्या शतकात बेसबॉलचा सामना बहुधा एकच पंच चालवीत असे. पुढे पंचांची संख्या वाढत गेली आणि १९५२ पासून प्रमुख स्पर्धांच्या नियमित सामन्यांत चार पंचांचे पथक रूढ झाले. तरीही वाद संपले नाहीत. १४ ऑक्टोबर २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस या संघांतील निर्णायक पाचव्या सामन्यात अखेरचा फलंदाज विल्मर फ्लोरेस अर्धवट फटक्यावर बाद ठरविला गेला. तो निर्णय पहिल्या तळावरील पंचाने दिला होता. चित्रफितीत दांडा पुरेसा फिरल्याचे दिसत नव्हते. परंतु अशा निर्णयाची फेरतपासणी करण्याची सोय नियमात नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोचा संघ २-१ असा पराभूत होऊन त्या वर्षीच्या स्पर्धेबाहेर गेला. त्यानंतर २०२४ मध्ये अॅरिझोना येथील शरद ऋतूतील स्पर्धेत व २०२५ मध्ये फ्लोरिडातील एका दुय्यम साखळी स्पर्धेत दांड्याच्या कोनाची यांत्रिक मोजणी करून पाहण्यात आली. त्यासाठी ४५ अंशांची मर्यादा ठरविण्यात आली. ज्या कृतीची व्याख्या नियमाने आजवर टाळली होती, तिला कोनाच्या मापात बसविण्याचा हा प्रयत्न होय.

खो-खो : दोन क्षेत्रांत विभागलेली एक कृती :

कृतीला कोनाचे माप लावण्याची ही कल्पना महाराष्ट्राला मुळीच नवी नाही. खो-खोच्या नियमांत ती कितीतरी आधीपासून आहे.

खो-खो हा ग्रामीण महाराष्ट्राचा जुना खेळ असला, तरी त्याला लिखित नियमांचे रूप मिळाले ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये समिती नेमून या खेळाच्या नियमांस आकार दिला. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२० नंतरच्या दशकात देशी खेळांच्या स्पर्धा व नियम यांना चालना दिली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ च्या सुमारास आट्यापाट्या आणि खो-खो यांचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. बडोद्याहूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड निघाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. आळीतल्या मुलांचा खेळ अशा रीतीने अवघ्या पन्नास वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचला.

या प्रवासात पंचांच्या कामाची जी रचना सिद्ध झाली, ती लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. दोन टोकांना दोन खांब आणि त्यांना जोडणारी मध्यपाटी. या मध्यपाटीवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा गडी सक्रिय आक्रमक म्हणून पाठलाग करतो. मध्यपाटीमुळे मैदानाचे दोन भाग पडतात आणि प्रत्येक भाग एका पंचाकडे सोपविलेला असतो. पंचाने मैदानाबाहेर उभे राहून आपल्या भागातील सर्व निर्णय द्यावयाचे असतात. तथापि नियम येथेच थांबत नाही. दुसऱ्या भागातील निर्णय देण्याच्या कामी आपल्या सहकाऱ्यास मदत करणे, हेही नियमाने प्रत्येक पंचाचे कर्तव्य ठरविले आहे. दोघांत मतभेद झाल्यास सरपंच अखेरचा निर्णय देतो.

ही तरतूद केवळ सौजन्यापोटी आलेली नाही. खेळाच्या स्वरूपातच तिचे कारण दडलेले आहे. खो हा नेहमी पाठीमागून दिला जातो. पाठलाग करणारा गडी मैदानाच्या एका भागात धावत असतो. त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या गड्याला तो हाताने स्पर्श करतो आणि 'खो' असे उच्चारतो. ज्याला खो मिळाला तो गडी आपल्या तोंडाच्या दिशेने, म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या भागात उठून धावतो. याचा अर्थ असा की, खो देण्याची क्रिया एका पंचाच्या क्षेत्रात घडते आणि खो घेऊन उठण्याची क्रिया दुसऱ्याच्या क्षेत्रात. पहिल्या पंचाला हाताचा स्पर्श दिसतो व शब्द ऐकू येतो. दुसऱ्या पंचाला बसलेल्या गड्याचे गुडघे, पाय आणि उठण्याचा क्षण दिसतो. गडी खो मिळण्यापूर्वी उठला काय, या प्रश्नाचे उत्तर दोघांपैकी कोणाही एकाच्या नजरेत पूर्णपणे सामावत नाही. ते दोन नजरांच्या जोडणीतूनच मिळते. बेसबॉलमध्ये दुसरा पंच अधिक चांगल्या जागी असतो म्हणून त्याला विचारावे लागते. खो-खोमध्ये कृतीच मुळात दोघांत वाटली गेलेली असते.

अर्धवट कृतीचा प्रश्नही येथे तितकाच बिकट आहे. चपळ गडी खो मिळण्याच्या अपेक्षेने अंग उचलतो, टाचेवर भार घेतो आणि खो न आल्यास पुन्हा बसतो. उठू पाहणे आणि उठणे यांतील अंतर निमिषाचे असते. पाठलाग करणाऱ्याच्या बाबतीतही तसेच आहे. एकदा एका खांबाची दिशा घेतली की त्याला मध्येच माघारी फिरता येत नाही. संरक्षक हुलकावणी देतो, आक्रमकाचे अंग त्याच्यामागे वळू लागते आणि तो स्वतःला सावरतो. हे वळणे नियमभंग ठरते की नाही, यासाठी खांद्यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेची कसोटी ठेवली आहे. घेतलेल्या दिशेपासून ही रेषा काटकोनाहून अधिक फिरली, तर तोंड फिरविल्याचा नियमभंग होतो. बेसबॉलने २०२४ मध्ये यंत्राच्या साहाय्याने जे करून पाहिले, ते म्हणजे अंगाच्या वळणाला कोनाची मर्यादा घालणे, खो-खोने नियमाच्या एका वाक्यात केले होते. यंत्र मात्र तेथे नव्हते. होती ती दोन पंचांची नजर.

नियमभंग झाल्यास पंच थोड्या थोड्या अंतराने शिट्टी वाजवीत राहतो आणि आक्रमकास संरक्षकाच्या विरुद्ध दिशेने जाण्यास भाग पाडतो. नियमभंगाच्या अवस्थेत टिपलेला गडी बाद धरला जात नाही. यामुळे दोन पंचांच्या शिट्ट्यांचा क्रम निर्णायक ठरतो. एका पंचाने आपल्या भागात गडी बाद दिला आणि त्याच क्षणी दुसऱ्याने खो देण्यातील दोष पाहिला, तर आधी काय घडले हे दोघांनी मिळून ठरवावे लागते. दोघांपैकी एकाने आपला शब्द खाली पडू नये म्हणून हट्ट धरला, तर नियमपुस्तक पाळूनही न्याय होत नाही.

कबड्डीतील श्रेणीबद्ध व्यवस्था :

खो-खोच्या जोडीने वाढलेल्या कबड्डीनेही याच वाटेने प्रवास केला. डेक्कन जिमखान्याने १९१८ मध्ये व हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये तिचे नियम तयार केले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी या खेळाच्या नियमबद्धतेसाठी व प्रसारासाठी आयुष्य वेचले. कबड्डीत मैदानाच्या दोन्ही बाजूंस दोन पंच उभे असतात, अंतिम रेषांकडे साहाय्यक गुणलेखक बसतात आणि या सर्वांवर सरपंच असतो. चढाईपटूचा दम एका पंचाला ऐकू येतो, तर त्याचा पाय रेषेवर पडल्याचे दुसऱ्याला दिसते. सर्वसाधारणपणे पंचांचा निर्णय अंतिम असतो. परंतु दोघांत एकमत न झाल्यास किंवा खेळाच्या हिताच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास सरपंच हस्तक्षेप करू शकतो. सरपंच हा शब्द गावगाड्यातून मैदानावर आला आहे. पंच आणि सरपंच या जोडीमध्ये निवाडा हा एकट्याचा नसून मिळून करावयाचा असतो, ही जाणीव भाषेनेच जपून ठेवली आहे.

क्रिकेट : विचारणे पंचाच्या मर्जीवर :

याउलट क्रिकेटचा आरंभ स्वतंत्र अधिकारातून झाला. १७४४ च्या इंग्लंडमधील नियमांनी दोन पंच नेमले. परंतु प्रत्येकाला आपापल्या यष्टीकडील निर्णयांचा एकमेव अधिकारी ठरविले. सहकाऱ्यास विचारण्याची तरतूद पुढे विकसित झाली. आजच्या नियमांनुसार दुसरा पंच अधिक चांगल्या जागी असेल, तर निर्णय देणाऱ्या पंचाने त्या घटनेविषयी त्याचा सल्ला घ्यावयाचा असतो. सल्ल्यानंतरही संशय उरला, तर फलंदाज नाबाद ठरतो. तरीही आपल्याला नीट दिसले की नाही, हे ठरविणारा पंचच असतो. खेळाडूला त्याच्याकडून सल्लामसलतीची मागणी हक्काने करता येत नसे. मुंबईचे माधव गोठोस्कर यांनी १९७३ ते १९८३ या काळात ज्या कसोटी सामन्यांत पंचगिरी केली, ते सर्व याच व्यवस्थेतील होते. १९८६ मध्ये लाहोर येथे पाकिस्तान व वेस्ट इंडिज यांच्यातील कसोटीत पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे भारतीय पंच त्रयस्थ म्हणून उभे राहिले. त्रयस्थ पंचांमुळे पक्षपाताचा संशय दूर होतो हे खरे. पण उभे राहण्याच्या जागेमुळे येणारी नजरेची मर्यादा दूर होत नाही.

नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबान येथील भारत-दक्षिण आफ्रिका कसोटीत तिसऱ्या पंचाचा प्रयोग झाला. जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर धावबाद होण्याचा प्रसंग सचिन तेंडुलकरवर आला. स्क्वेअर लेगला उभे असलेले सिरिल मिचली यांनी चित्रफीत पाहणाऱ्या कार्ल लीबेनबर्ग यांना विचारणा केली आणि तेंडुलकर या पद्धतीने बाद ठरलेला पहिला फलंदाज झाला. त्याच मालिकेतील पुढच्या, जोहान्सबर्ग येथील कसोटीत स्वतः ऱ्होड्सविरुद्ध धावबादचे अपील झाले. पंच स्टीव्ह बकनर यांनी तिसऱ्या पंचास विचारले नाही व त्यास नाबाद दिले. चित्रफितीत तो बाद असल्याचे दिसत होते. ऱ्होड्सने पुढे ९१ धावा केल्या. एका सामन्यात यंत्र वापरले गेले आणि दुसऱ्यात ते उपलब्ध असूनही वापरले गेले नाही. दोन्ही प्रसंगांतील फरक यंत्राचा नव्हता; तो विचारण्याच्या इच्छेचा होता.

जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटीत ही उणीव अधिक ठळकपणे समोर आली. दुसऱ्या डावात सौरव गांगुलीचा झेल मायकेल क्लार्कने टिपला. चेंडू जमिनीला लागला होता काय, याविषयी संशय होता. पंच मार्क बेन्सन यांनी आपले सहकारी बकनर यांचा किंवा तिसऱ्या पंचाचा सल्ला न घेता ऑस्ट्रेलियाचा कर्णधार रिकी पाँटिंग याचा शब्द प्रमाण मानून गांगुलीस बाद दिले. झेलाविषयी क्षेत्ररक्षकाचा शब्द मानावा, असा समझोता दोन्ही कर्णधारांत झालेला होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. तथापि निवाड्याच्या दृष्टीने पाहता, ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याला विचारले गेले आणि ज्याचा नाही तो बाजूस राहिला. भारत तो सामना १२२ धावांनी हरला. त्या सामन्यातील एकूण पंचगिरीवर इतका गदारोळ झाला की, पुढील पर्थ कसोटीतून बकनर यांना दूर करण्यात आले.

त्याच वर्षी जुलैमध्ये भारत-श्रीलंका मालिकेत पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी मागण्याचा अधिकार प्रायोगिक स्वरूपात खेळाडूंना देण्यात आला. भारतीय मंडळाने पुढे अनेक वर्षे या पद्धतीला विरोध केला आणि २०१६ च्या अखेरीस इंग्लंडविरुद्धच्या मालिकेपासून ती स्वीकारली. बेसबॉलमधील झेल घेणारा खेळाडू तळावरील पंचाकडे बोट दाखवून जो हक्क बजावतो, त्याच जातीचा हक्क क्रिकेटला या मार्गाने मिळाला.

मैदानावरील दोन पंचांच्या आपसांतील सल्ल्याचे महत्त्व त्यामुळे कमी झाले असे मात्र नाही. काही काळ झेलाच्या बाबतीत तिसऱ्या पंचाकडे जाण्यापूर्वी मैदानावरील पंचांनी आपले प्राथमिक मत खुणेने दाखविण्याची पद्धत होती. ते मत बदलण्यास चित्रफितीत निर्णायक पुरावा लागे. १८ मार्च २०२१ रोजी अहमदाबाद येथे इंग्लंडविरुद्धच्या ट्वेंटी-२० सामन्यात मुंबईचा सूर्यकुमार यादव ५७ धावांवर खेळत असताना डेव्हिड मलानने त्याचा झेल घेतला. सीमेजवळच्या त्या झेलाबाबत मैदानावरील मत 'बाद' असे होते आणि पुरावा संदिग्ध असल्याने तेच कायम राहिले. इतक्या दूरवरच्या झेलाबद्दल 'मला दिसले नाही' असे म्हणण्याची मुभा पंचास का नसावी, असा प्रश्न कर्णधार विराट कोहलीने सामन्यानंतर उपस्थित केला. जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ही प्राथमिक मताची पद्धत रद्द झाली. पंचाला 'ठाऊक नाही' म्हणता येणे, ही न्यायाची उणीव नसून गरज आहे, हे तत्त्व अशा रीतीने मान्य झाले.

मराठवाड्यातील मैदाने आणि विनायंत्राचा न्याय :

वरील विवेचनातील यंत्रांचा भाग मोठ्या मैदानांपुरता आहे. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी शालेय स्पर्धा होतात तेव्हा काळ्या मातीवर फक्कीने रेषा आखल्या जातात. दुपारपर्यंत त्या पायांखाली पुसटही होतात. तेथे तिसरा पंच नसतो आणि चित्रफीतही नसते. असतात ते दोन पंच, एक सरपंच आणि रेषेला चिकटून उभे राहिलेले प्रेक्षक. पंचाचे काम बहुधा क्रीडाशिक्षकच करतात आणि सर्व शिक्षक एकमेकांना ओळखत असतात.

अशा मैदानावरील निर्णयांचे मोल कमी लेखता येणार नाही. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी शालेय स्पर्धा पुढे जातात. या पायऱ्यांवर मिळालेल्या प्रमाणपत्रांशी दहावी-बारावीच्या परीक्षेतील सवलतीचे गुण निगडित आहेत. राज्याच्या शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कोरडवाहू शेतीवर गुजराण करणाऱ्या घरातील मुलीला खो-खोने शिक्षणाची व नोकरीची वाट मिळू शकते. लातूर जिल्हा १५ ऑगस्ट १९८२ रोजी ज्या उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला, त्या उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजयी झाले. त्यांचे कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचेच होते. असे खेळाडू प्रथम घडतात ते शाळेच्या मैदानावर. तेथे खो मिळण्यापूर्वी उठल्याची एक चुकीची शिट्टी वाजली, तर जिल्हा पातळीचे दार एखाद्या मुलीला त्या वर्षापुरते बंद होते.

म्हणूनच सहकाऱ्यास मदत करण्याचे नियमातील कर्तव्य ग्रामीण मैदानावर सर्वाधिक मोलाचे ठरते. अडचणही येथेच आहे. दुसऱ्या पंचाने सांगितलेला दोष मान्य करून आपली शिट्टी मागे घेणे, हे शेकडो ओळखीच्या डोळ्यांदेखत करावे लागते. त्यात कमीपणा वाटू शकतो. उलट बाजूने, सहकाऱ्याची चूक दिसूनही त्याचा मान राखण्यासाठी गप्प राहण्याचा मोह होतो. पहिल्या प्रकारात अहंकार आड येतो आणि दुसऱ्या प्रकारात भीड. भीड तर अधिक घातक म्हणावी लागेल, कारण ती चांगुलपणाचे रूप घेऊन येते. बेसबॉलमध्ये हक्काने मागितलेली मदत नाकारता येत नाही. त्यामुळे विचारणाऱ्या पंचाचा मान जात नाही. खो-खोच्या नियमात मदतीचे कर्तव्य आहे. परंतु ती मागण्याचा आणि देण्याचा प्रघात पाडावा लागतो. पंचांच्या शिबिरांत नियम पाठ करून घेण्याबरोबरच दोन पंचांनी सामन्यापूर्वी खुणा ठरविणे, एकमेकांकडे नजर ठेवणे आणि मतभेद होताच सरपंचाकडे जाणे, यांचा सराव करून घेणे त्यामुळे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

१) अर्ध्यावर आवरलेल्या कृतीची नेमकी व्याख्या करणे अवघड असते. कोनाची मर्यादा ठरविली, तरी तो कोन कोठून पाहिला यावर निर्णय अवलंबून राहतो.

२) परस्परसाहाय्याच्या तीन रीती दिसून येतात. बेसबॉलमध्ये मदत मागणे हा संघाचा हक्क आहे. क्रिकेटमध्ये ते दीर्घकाळ पंचाच्या विवेकावर सोपविलेले होते व २००८ नंतर त्याला खेळाडूंच्या हक्काची जोड मिळाली. खो-खोमध्ये मदत देणे हे प्रत्येक पंचाचे कर्तव्य आहे.

३) खो देणे व खो घेऊन उठणे या क्रिया दोन पंचांच्या क्षेत्रांत विभागल्या गेल्या असल्याने खो-खोमध्ये संयुक्त निर्णय ही खेळाच्या रचनेतूनच निर्माण झालेली गरज आहे. महाराष्ट्रातील नियमकर्त्यांनी ती ओळखून नियमात आणली, ही त्यांची महत्त्वाची कामगिरी होय.

४) जोहान्सबर्ग व सिडनी येथील प्रसंगांवरून असे दिसते की, साधन उपलब्ध असणे पुरेसे नसते, विचारण्याची तयारी असावी लागते. जेथे साधनच नाही अशा ग्रामीण मैदानांवर तर ही तयारी हाच खेळाडूच्या न्यायाचा एकमेव आधार असतो.

पंचाचा अधिकार त्याच्या शिट्टीत असतो असे सामान्यतः मानले जाते. या नियमांचा इतिहास पाहता, तो अधिकार सहकाऱ्याकडे वळून पाहण्यातही तितकाच असतो, असे म्हणावे लागते. शिरूर अनंतपाळच्या मैदानावर खो मिळण्याची वाट पाहत बसलेल्या मुलीसाठी हा प्रश्न सिद्धान्ताचा नाही. तिच्या पाठीवर पडलेला हात एका पंचाने पाहिलेला असतो आणि तिचे उठणे दुसऱ्याने. त्या दोघांनी एकमेकांना विचारले, तरच तिचा खेळ पूर्णपणे पाहिला गेला असे होईल.